खडतर वाटेवरील मोटारीतील सुरक्षा-टाकी : स्थान आणि जोडणी

मोटार अपघातात माणसास दोन प्रकारे इजा पोहोचते. पहिली इजा आघाताची असते व दुसरी आगीची. आघात क्षणार्धात घडून जातो. आगीला मात्र काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत अवधी लागतो. ज्याच्या हातापायांना खरचटण्यापलीकडे काही झालेले नाही, परंतु जो पट्ट्यात अडकलेला आहे किंवा ज्याचे दार चेपून बसले आहे, अशा माणसाचे प्राण या अवधीत जाऊ शकतात. आघातातून वाचलेल्याने आगीत दगावू नये, हा वाहनातील इंधनाच्या टाकीविषयीच्या सर्व विचाराचा मूळ हेतू आहे.

डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीपेक्षा डोंगर, वाळवंट, नदीपात्र अशा बिनरस्त्याच्या प्रदेशात जाणाऱ्या मोटारीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. अशी गाडी उलटण्याचा संभव अधिक असतो. तिच्या पोटाला दगड लागतात. तिच्या सांगाड्याला सतत पीळ बसतो, आणि दूरच्या मजलेसाठी तिला इंधनही जास्त न्यावे लागते. म्हणून अशा गाड्यांमध्ये कारखान्यात बसविलेली टाकी काढून तिच्या जागी, किंवा दुसऱ्याच जागी, विशेष प्रकारची सुरक्षा-टाकी बसविण्याची प्रथा पडली. ही टाकी कशी असते, ती कोठे व कशी बसवावी आणि कोणत्या परिस्थितीत मुळीच बसवू नये, याचा विचार या लेखात केला आहे.

एका नावाचे दोन अर्थ

या सुरक्षा-टाकीस मोटार क्रीडाक्षेत्रात ‘फ्यूएल सेल’ असे नाव आहे. हायड्रोजन व प्राणवायू यांच्या संयोगातून वीज निर्माण करणाऱ्या उपकरणासही हेच नाव आहे व मराठीत त्यास इंधनघट म्हणतात. या दोन वस्तूंचा परस्परांशी काही संबंध नाही. येथे अभिप्रेत आहे ती पेट्रोल किंवा डिझेल साठविण्याची, धक्का सहन करणारी टाकी.

साधी टाकी म्हणजे पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा एक डबा. सुरक्षा-टाकीचे तीन थर असतात. सर्वांत बाहेर पोलादी अथवा ॲल्युमिनियमची पेटी असते. तिच्या आत धाग्यांच्या कापडाने बळकट केलेली, रबरासारखी लवचिक पिशवी असते. पिशवीच्या आत स्पंजासारखा, सर्व बाजूंनी आरपार छिद्रे असलेला फोम भरलेला असतो. पेटी चेपली तरी पिशवी फाटत नाही. ती दबते, आकार बदलते आणि इंधन आतच राहते. फोम टाकीच्या घनफळापैकी अगदी थोडी, म्हणजे सुमारे तीन टक्के जागा घेतो. परंतु त्यामुळे दोन कामे साधतात. इंधनाचे हिंदकळणे कमी होते, आणि टाकीतील वाफ पेटलीच तर ज्योत एका पोकळीतून दुसरीत झपाट्याने पसरू शकत नाही.

आगीने शिकविलेला धडा

या रचनेचे मूळ युद्धकालीन विमानांत सापडते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंधनटाक्यांना कच्च्या व पक्क्या रबराचे थर दिले जात. गोळीने छिद्र पडले की इंधनाच्या स्पर्शाने कच्चे रबर फुगे व छिद्र आपोआप बुजे. पुढे व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टर कोसळल्यानंतर लागणाऱ्या आगींमध्ये अनेक सैनिक दगावले. हे अपघात असे होते की केवळ आघाताचा विचार केला असता त्यांतील माणसे जगू शकली असती. तेव्हा अमेरिकी सेनेने १९७० पासून आपल्या हेलिकॉप्टरांत आघातरोधक इंधनव्यवस्था बसविण्यास आरंभ केला. बळकट पिशव्या, ताण पडताच दोन्ही बाजूंनी बंद होऊन सुटणारे सांधे आणि हेलिकॉप्टर उलटल्यावर आपोआप मिटणाऱ्या झडपा अशी ही व्यवस्था होती. तिच्यामुळे जगण्याजोग्या अपघातांतील आगीचे मृत्यू जवळजवळ नाहीसे झाले. इंजिन तेच होते आणि इंधनही तेच होते. ते साठविण्याची व धरून ठेवण्याची रीत तेवढी बदलली होती.

मोटार शर्यतींना हा धडा १९६४ साली मिळाला. त्या वर्षी २४ मे रोजी शार्लट येथील शर्यतीत भाजलेला नामांकित चालक फायरबॉल रॉबर्ट्स २ जुलै रोजी मरण पावला. त्याच मे महिन्याच्या ३० तारखेस इंडियानापोलिस येथील शर्यतीत दुसऱ्याच फेरीत लागलेल्या आगीत एडी सॅक्स व डेव्ह मॅक्डोनल्ड या दोघा चालकांचा अंत झाला. यानंतर शर्यतींच्या मोटारींत रबरी पिशवीच्या टाक्या आल्या व पुढे त्या नियमानेच आवश्यक ठरल्या.

बिनरस्त्याच्या शर्यतींनीही हीच वाट धरली. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया या द्वीपकल्पात १९६७ पासून भरणारी लांब पल्ल्याची शर्यत व कॅलिफोर्नियातील जॉन्सन व्हॅलीत २००७ पासून भरणारी ‘किंग ऑफ द हॅमर्स’ ही खडकांवरील शर्यत, या दोहोंत धावणाऱ्या गाड्यांकडे पाहिले असता सुरक्षा-टाकीचे स्थान व जोडणी यांमागील विचार स्पष्ट दिसतो. वाळवंटी गाडीला मोठा साठा लागतो, तर खडकांवर चढणाऱ्या गाडीला दगडांपासून दूर, उंचावर ठेवलेली टाकी लागते. शिवाय चढण्याची क्षमता वाढविण्यासाठी अशा गाडीचा मागचा ॲक्सल पुष्कळदा मागे सरकविला जातो. तसे केले की त्याच्या मागे असलेली कारखान्यातील टाकी आड येते व ती हलविण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

जागा कोणती?

टाकीच्या जागेचा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे तीन उदाहरणांवरून ध्यानात येईल.

पहिले उदाहरण आपल्याकडे सुपरिचित असलेल्या जीपचे आहे. महायुद्धातील विलिस जीपची सुमारे ५७ लिटरची टाकी चालकाच्या आसनाखाली होती व आसनाची गादी उचलून पेट्रोल भरावे लागे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत याच घराण्यातील जीपची जुळणी सुरू केली. त्या जुन्या पेट्रोल जीपगाड्यांतही टाकी चालकाखालीच असे. महाराष्ट्रातील कित्येक अधिकारी, विस्तारसेवक व ग्रामसेवक यांनी अशाच जीपमधून तालुके पालथे घातले. दोन ॲक्सलांच्या मध्ये असल्यामुळे ही जागा समोरून व मागून बसणाऱ्या धडकेपासून सुरक्षित होती. दोष एकच, पण मोठा होता : पेट्रोल आणि माणूस यांच्यामध्ये एका गादीचे अंतर होते. अमेरिकेत सीजे-५ या जीपची टाकी १९७० च्या दशकाच्या आरंभी आसनाखालून काढून मागे, सांगाड्याच्या दोन दांड्यांमध्ये नेण्यात आली.

दुसरे उदाहरण फोर्ड कंपनीच्या पिंटो या छोट्या मोटारीचे आहे. १९७१ पासून विकल्या गेलेल्या या गाडीची टाकी मागचा ॲक्सल व मागचा बंपर यांच्या मधोमध होती. मागून धडक बसली की टाकी पुढे सरके व डिफरन्शियलवरील बोल्टांवर आदळे. भरण्याची नळीही निसटे. अखेर १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

तिसरे उदाहरण अमेरिकेतील १९७३ ते १९८७ या काळातील काही पिकअप गाड्यांचे आहे. त्यांच्या टाक्या सांगाड्याच्या दांड्यांच्या बाहेर, दोन्ही कुशींना टांगलेल्या होत्या. साठा वाढला, पण बाजूने बसणाऱ्या धडकेच्या आड दांडी येत नव्हती. तेथील शासकीय यंत्रणेने या रचनेची चौकशी केली व ते प्रकरण १९९४ च्या समेटापर्यंत गेले.

यावरून जागेचा नियम असा निघतो : टाकी माणसांपासून दूर असावी, परंतु गाडीच्या काठापर्यंत नेऊ नये. दोन्ही बाजूंना सांगाड्याची दांडी आणि मागे भक्कम आडवी पट्टी यांच्या कुंपणात ती असावी. आजच्या बहुसंख्य प्रवासी मोटारींत टाकी मागच्या आसनाखाली, मागच्या ॲक्सलच्या पुढे असते, ती याच कारणाने. बिनरस्त्याच्या शर्यतीच्या गाडीत ती सामान्यतः आसनांच्या मागे, मागच्या ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यात बसविली जाते.

टाकी उंच ठेवण्याला मात्र किंमत द्यावी लागते. समजा, ८० लिटरची टाकी आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो असते. पेट्रोल व पेटी मिळून ७५ किलो वजन झाले. दीड टनाच्या गाडीत हे वजन अर्धा मीटर वर उचलले, तर सबंध गाडीचा गुरुत्वमध्य अडीच सेंटिमीटरने वर जातो. सपाटीवर हा फरक जाणवणार नाही. आडव्या उतारावर तो गाडी उलटण्यास साहाय्य करील. म्हणून दगडांपासून सुटण्यापुरती उंची घ्यावी, त्याहून अधिक घेऊ नये.

जागा निश्चित करताना आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. सायलेन्सरची नळी जवळून जात असेल तर तिचा मार्ग बदलावा किंवा मध्ये पत्र्याची आड भिंत द्यावी. मागचे एक चाक जॅकने पूर्ण वर उचलून पाटे दाबले जातील तेव्हा ॲक्सल कोठवर येतो, हे प्रत्यक्ष पाहावे व त्यापुढेही मोकळी जागा राखावी. फिरणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा तुटला तर शाफ्ट चाबकासारखा फिरतो. त्याच्या माऱ्यात टाकी येत असेल तर शाफ्टभोवती पोलादी कडे बसवावे.

माणसे आणि टाकी यांच्यामध्ये धातूची अखंड भिंत असणे आवश्यक आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड असते. ती वर न जाता तळाशी साचते. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही ती पेट घेऊ शकते आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या सुमारास पोहोचले की ठिणगीचे निमित्त पुरते. म्हणून या भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक तारेचे व नळीचे छिद्र बंद केलेले असावे, तर टाकीच्या बाजूचा तळ वाफ निघून जाईल असा मोकळा असावा. डिझेलची वाफ इतक्या सहज पेटत नाही. तथापि धडकेत तुषार होऊन तापलेल्या भागावर उडालेले डिझेलही पेटते. सवलत मिळते ती थोडीच.

पीळ आणि पकड

जागा चांगली असून जोडणी कच्ची असेल तर टाकी सुटून माणसांवर येते. म्हणून पकडीचा हिशेब करणे अगत्याचे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर तिच्या गतीस होणारा विरोध सरासरीने गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट भरतो. याचा अर्थ, ७५ किलोची भरलेली टाकी त्या क्षणी १,५०० किलोच्या म्हणजे १५ क्विंटलच्या जोराने पुढे खेचली जाते. गहू भरलेली पंधरा मोठी पोती एकदम जोडणीवर कोसळावीत, तसा हा भार असतो.

असा भार शरीराच्या पत्र्याला पेलत नाही. दहा मिलिमीटर जाडीचा उत्तम प्रतीचा एकच बोल्ट तीन टनांहून अधिक ताण सहन करतो. परंतु ज्या पातळ पत्र्यात तो बसविला आहे तो पत्रा त्यापूर्वी फाटतो आणि बोल्ट जसाच्या तसा बाहेर येतो. यास्तव टाकीचा भार सांगाड्याच्या दांड्यांवर किंवा पिंजऱ्याच्या नळ्यांवर द्यावा. पत्र्यातून बोल्ट न्यावाच लागला तर दुसऱ्या बाजूस साधा वॉशर न लावता तळहाताएवढी जाड पोलादी पाटी द्यावी, म्हणजे ओढ मोठ्या क्षेत्रावर वाटली जाते.

सुरक्षा-टाकी बसविण्याची सर्वमान्य रीत अशी आहे. प्रथम कोनपट्टीची अथवा चौकोनी नळीची एक चौकट तयार करतात. पेटी या चौकटीत तळ व चारही बाजू टेकतील अशी बसते. मग वरून दोन उभ्या व दोन आडव्या पोलादी पट्ट्या घेऊन ती बांधतात. शर्यतींच्या नियमांत अशा पट्ट्यांसाठी सुमारे २५ मिलिमीटर रुंदी व ३ मिलिमीटर जाडी हे माप पुष्कळ ठिकाणी आढळते. पट्टी व पेटी आणि पेटी व चौकट यांमध्ये रबराचा थर द्यावा. नाहीतर धातूवर धातू घासून काही महिन्यांत पेटीला भोक पडते. पेटीला स्वतःला छिद्रे पाडून ती बोल्टांनी आवळू नये. आतील पिशवीला बोल्टाचे टोक लागले तर सर्व खर्च व्यर्थ जातो.

येथे बिनरस्त्याच्या गाडीची एक खास अडचण उभी राहते. एक पुढचे चाक दगडावर आणि तिरप्या बाजूचे मागचे चाक खड्ड्यात, अशा स्थितीत शिडीच्या आकाराचा सांगाडा पिळला जातो. टाकीची चौकट डाव्या व उजव्या दांड्यांना चार कोपऱ्यांत घट्ट वेल्ड केलेली असेल तर सांगाड्याचा हा पीळ चौकटीत उतरतो. प्रथम वेल्डिंगला केसाएवढी चीर जाते, पुढे ती वाढते व एके दिवशी कोपरा सुटतो. यावर उपाय म्हणजे चौकट तीन बिंदूंवर टेकविणे : एका आडव्या पट्टीवर दोन बिंदू व दुसऱ्या पट्टीवर मधोमध एक. तिपाईचे तीन पाय ओबडधोबड जमिनीवरही डगमगत नाहीत, हेच तत्त्व येथे लागू होते. चार बिंदू ठेवणे भाग असेल तर त्यांतील निदान दोहोंना जाड रबरी बुश द्यावेत. ढिली बांधणी धडकेत सुटते आणि अतिकठीण बांधणी प्रवासात तडकते. या दोहोंचा मध्य साधणे हे कारागिराचे खरे कौशल्य होय.

टाकीचे तोंड आणि वायुनलिका

टाकीतून इंधन कमी होते तसतशी हवा आत यावी लागते. उन्हाने इंधन प्रसरण पावले की हवा बाहेर जावी लागते. ८० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर त्याचे आकारमान सुमारे दीड लिटरने वाढते. म्हणून टाकी काठोकाठ भरू नये आणि तिला वायुनलिका असावीच.

मात्र गाडी उलटली की हीच वायुनलिका गळतीचे तोंड बनते. यासाठी तिच्या मुळाशी गाडी उलटताच वजनाने आपोआप मिटणारी झडप बसवितात. केवळ झडपेवर विसंबू नये. नळी टाकीच्या माथ्यावरून निघून चारही बाजूंना वळसा घेऊन मग खाली, गाडीच्या बाहेर सोडावी. असे केल्याने गाडी कोणत्याही कुशीवर पडली तरी नळीचा काही भाग इंधनाच्या पातळीच्या वर राहतो. नळीचे टोक चाके, सायलेन्सर व आसने यांपासून दूर असावे.

भरण्याचे तोंड टाकीच्या माथ्यावरच असेल तर धोका कमी असतो. ते बाहेरच्या पत्र्यापर्यंत न्यायचे असेल तर मधला तुकडा लवचिक असावा व टाकीच्या तोंडाशी आतल्या बाजूस झाकणासारखी झडप असावी, म्हणजे बाहेरचा पत्रा नळीसह उखडला तरी टाकी मिटलेली राहील. पिंटोच्या बाबतीत निसटणारी नळी हे गळतीचे एक कारण होते, हे येथे स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

नळ्या, पंप आणि वीज

टाकी हलली की इंधनाच्या नळ्यांचा मार्गही बदलतो. नव्या नळ्या दांडीच्या आतल्या अंगाने न्याव्यात. दांडीच्या खालून नेल्यास पहिलाच मोठा दगड त्या चेपतो. थोड्या थोड्या अंतरावर रबर लावलेल्या चिमट्यांनी त्या धराव्यात. पत्र्यातून जाताना रबरी कडी घालावी. टाकी व सांगाडा यांची हालचाल वेगवेगळी होते, म्हणून टाकीपाशी निदान एक लवचिक तुकडा सैल वळण देऊन ठेवावा. सायलेन्सरच्या वर कोठेही सांधा येऊ देऊ नये. गळती सांध्यातूनच होते.

विजेवर चालणारा पंप इंधन ओढण्यापेक्षा ढकलण्याचे काम अधिक चांगले करतो. म्हणून त्याची जागा टाकीजवळ व खालच्या पातळीत असावी. इंजिन बंद पडले किंवा गाडी आदळली, की पंपाची वीज आपोआप तुटेल अशी योजना हवी. एरवी फुटलेल्या नळीतून तो पंप आगीला इंधन पुरवीत राहतो. चालकाच्या हाताशी व गाडीच्या बाहेरूनही वापरता येईल असा मुख्य स्विच शर्यतीच्या गाड्यांत असतो, तो याच हेतूने.

तीव्र चढावर पेट्रोल टाकीच्या मागच्या भिंतीकडे जाते. पुढच्या बाजूस असलेली ओढनळी तेव्हा कोरडी पडते व इंजिन नेमके चढाच्या मध्यावर थांबते. म्हणून ओढनळीचे तोंड मागच्या तळाशी, शक्य तर छोट्या खोलगट कप्प्यात ठेवतात. मापकाचा फ्लोट फोममध्ये अडकू नये म्हणून त्याच्याभोवती नळकांडे द्यावे लागते. टाकीची पेटी व भरण्याच्या तोंडाचा धातू तारेने सांगाड्यास जोडावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही.

कामाचा क्रम

असे काम नेहमी उघड्या, हवेशीर जागी करावे. आधी बॅटरीची तार काढावी व अग्निशामक हाताशी ठेवावा. जुन्या टाकीतील इंधन धातूच्या झाकणबंद डब्यांत काढून ते कामाच्या जागेपासून दूर न्यावे.

रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा कमी धोक्याची असते, हा समज घातक आहे. भरलेल्या टाकीत पेटण्यास हवा अपुरी असते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण तयार असते. तिच्यावर कधीही कापणी किंवा वेल्डिंग करू नये. नव्या चौकटीचे सर्व वेल्डिंग टाकी व नळ्या गाडीपासून दूर असतानाच पुरे करावे, रंग द्यावा आणि सर्व काही थंड झाल्यावरच टाकी आणावी.

टाकी बसविल्यावर प्रथम थोडेच, पाच-सहा लिटर इंधन भरून सर्व सांधे पाहावेत. मग नेहमीच्या पातळीपर्यंत भरून गाडी उतारावर चारही दिशांना तोंड करून काही वेळ उभी करावी व सांध्यांखाली कोरडा कागद ठेवून ओल येते का, ते पाहावे. पहिल्या फेरीनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. रबराचे थर दबतात व पट्ट्या सैल होतात, म्हणून ही फेरतपासणी टाळता येत नाही.

तपासणी व आयुष्य

सुरक्षा-टाकी एकदा बसविली की निश्चिंत झालो, असे होत नाही. बाहेरची पेटी चकचकीत असली तरी आतील पिशवी वयाने कडक होते. आंतरराष्ट्रीय मोटार क्रीडा महासंघाच्या नियमानुसार अशी पिशवी उत्पादनापासून पाच वर्षांपर्यंतच वापरता येते. उत्पादकाने तपासून प्रमाणित केल्यास आणखी दोन वर्षांपर्यंत मुदत मिळते. फोमही कालांतराने भुसभुशीत होऊन त्याचे कण गाळणीत येऊ लागतात. गाळणीत असे कण दिसणे ही फोम बदलण्याची सूचना समजावी.

भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. उसाचे पीक घेणाऱ्या महाराष्ट्राचा या इथेनॉलमध्ये मोठा वाटा आहे. मात्र जुन्या प्रकारचे रबर व जुने फोम इथेनॉलला टिकेलच, असे नाही. जुन्या गाडीच्या नळ्या, झाकणाचे रबर व पिशवी घेताना त्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी योग्य असल्याची खात्री करून घ्यावी.

कायद्याची मर्यादा

शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरील गाडी आणि सार्वजनिक रस्त्यावरील गाडी यांत कायदा भेद करतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निश्चित केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निर्णयातही हेच तत्त्व ठामपणे मांडले आहे. तेव्हा रस्त्यावर चालविल्या जाणाऱ्या वाहनात टाकी हलविण्यापूर्वी परिवहन कार्यालयाचा सल्ला व विमा कंपनीची लेखी संमती घेणे हिताचे ठरेल. शासकीय वाहनात असा बदल स्थानिक पातळीवर मुळीच करू नये. गोव्यात २०१४ पासून भरविल्या गेलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांमुळे तरुणांमध्ये जुन्या जीपगाड्यांची फेररचना करण्याची हौस वाढत आहे. ही हौस स्तुत्य आहे. ती जाणत्या कारागिराच्या हाताखाली व नियमांच्या चौकटीत पुरवावी, एवढेच.

ज्यांना शर्यतीशी कर्तव्य नाही अशा वाचकांसाठीही या विषयात एक व्यवहारोपयोगी भाग आहे. पंपसेटसाठी, फवारणीच्या यंत्रासाठी किंवा लांबच्या गावी लागेल म्हणून पेट्रोलचा प्लॅस्टिकचा कॅन जीपमध्ये मागच्या आसनाच्या पायापाशी ठेवला जातो. त्यात कधी शिक्षक असतात, कधी ग्रामपंचायतीचे सदस्य, तर कधी शाळेची मुले. सुरक्षा-टाकीला लावलेल्या चार कसोट्या या कॅनला लावून पाहाव्यात. माणसे व तो यांच्यामध्ये भिंत आहे काय? धडकेत तो चेपणार नाही, अशा जागी आहे काय? तो सांगाड्यास बांधलेला आहे काय? उलटा झाल्यास त्याचे तोंड मिटलेले राहील काय? चारही प्रश्नांना नकार येत असेल, तर तो कॅन म्हणजे भिंत, पट्टी आणि झडप यांवाचून माणसांच्या मध्ये ठेवलेली इंधनाची टाकीच होय. अशा प्रवासी गाडीतून तो न नेणे हाच योग्य मार्ग आहे.

सुरक्षा-टाकी विकत मिळते. तिच्यासाठी सुरक्षित जागा व सुरक्षित पकड मात्र विकत मिळत नाही. ती विचाराने शोधावी लागते आणि हाताने घडवावी लागते. जेथे जागा, पकड आणि मिटणारे तोंड या तिन्ही गोष्टी साधत नसतील, तेथे कारखान्याने दिलेली टाकी आहे त्या ठिकाणी राहू देणे, तिच्याखाली एक भक्कम पोलादी तक्ता बसविणे व तिच्या नळ्या वेळच्या वेळी बदलणे, हेच अधिक शहाणपणाचे होय.